नाक्यावर गाडी अडवली, आता? तरुण चालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायसन्स नवं असतं तेव्हा नाकाबंदी दिसली की काही चूक नसतानाही छातीत धडधडतं. त्या धडधडीत पोरं दोनपैकी एक करतात. एक तर नको ते सगळं कबूल करून बसतात, नाही तर व्हॉट्सॲपवर वाचलेली कलमं तोंडावर फेकून साधं चलन ठाण्यापर्यंत नेतात. खालचे प्रश्न अशाच मुलामुलींचे आणि त्यांच्या आईवडिलांचे आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या रस्त्यांपुरती आहेत.

सुरुवातीला दोन गोष्टी. अटक, झडती, तपास यांचे नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आले आहेत, त्यामुळे फॉरवर्डमधला जुना कलम क्रमांक ऐकवलात तर समोरचा हसेल. आणि इथे दिलेल्या दंडाच्या रकमा मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या, २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या आहेत. महाराष्ट्राने तडजोड शुल्काचे (कोर्टात न जाता भरून प्रकरण मिटवायच्या दंडाचे) स्वतःचे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, म्हणून प्रत्यक्ष चलनावरचा आकडा यापेक्षा कमी असू शकतो.

मी काहीच चुकीचं केलेलं नाही. तरी थांबायचं?

हो. तपासणीसाठी थांबवायला आधी चूक झालेली असावी, अशी अट कायद्यात नाही. गणवेशातला कोणताही पोलीस सार्वजनिक ठिकाणी चालकाकडे लायसन्स मागू शकतो (मोटार वाहन कायदा, कलम १३०). कायदेशीर सूचना धुडकावली तर त्याचाच वेगळा २००० रुपये दंड आहे (कलम १७९). नाकाबंदी बघून उलट्या दिशेने गाडी पिटाळणं ही तर सगळ्यात महागात पडणारी चूक. हेल्मेट नसल्याच्या किरकोळ चलनाचं तिथे धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात रूपांतर होतं, शिवाय समोरून येणाऱ्याचा जीव जातो तो वेगळाच.

इंडिकेटर द्या, डावीकडे घ्या, इंजिन बंद करा. बाईक असेल तर स्टँडवर लावून हेल्मेटची काच वर करा. रात्री कारमध्ये आतला दिवा लावा. पोलीसही माणूस आहे. अंधाऱ्या गाडीत कोण बसलंय हे दिसलं की त्याचाही आवाज जरा खाली येतो.

साध्या कपड्यातला माणूस किंवा वॉर्डन कागद मागत असेल तर?

कलम १३० मध्ये ‘गणवेशातला पोलीस अधिकारी’ असं स्पष्ट आहे. आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांनाही तपासणीचे अधिकार आहेत. ट्रॅफिक वॉर्डन वाहतूक वळवायला मदत करतो, कागद तपासणं किंवा दंड घेणं त्याचं काम नाही. साध्या कपड्यातल्या माणसाला ओळखपत्र विचारा. रात्री निर्जन ठिकाणी गणवेश नाही, पोलिसांची गाडी नाही आणि दोघं-तिघं हात करताहेत असा प्रकार असेल, तर उजेडात, वर्दळीच्या जागी जाऊन थांबा आणि ११२ ला फोन लावा.

कोणकोणते कागद लागतात? मोबाइलवर दाखवले तर चालतात ना?

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी. रिक्षा-टॅक्सी-टेम्पो असेल तर परमिट आणि फिटनेसही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे हे कागद छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही रूपात दाखवता येतात. डिजिलॉकर आणि एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स आणि आरसी मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियम आणखी पुढे गेला: अधिकाऱ्याला यंत्रावर तुमचे कागद वैध दिसले, तर तो छापील प्रत मागू शकत नाही, अगदी लायसन्स जप्त करण्याजोगा गुन्हा असला तरीही. तशी नोंद मग पोर्टलवर होते.

मोबाइलच्या गॅलरीतला लायसन्सचा फोटो मात्र यात बसत नाही. कित्येक पोरं तोच पुढे करतात आणि ‘डिजिटल इंडिया’वर भाषण देतात. ॲपमधलंच दाखवा. घाटात, बोगद्याजवळ रेंज जाते, म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना लायसन्सचं कार्ड खिशात असू द्या. आणि ॲप दाखवताना फोन आपल्याच हातात ठेवा. त्यांना स्क्रीन बघायची असते, फोन नव्हे.

गप्प राहण्याचा हक्क आहे ना? मग नाव सांगायला नकार दिला तर?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर ते हे राहू द्या.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण नाव आणि पत्ता त्यात येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम २०२(२) सांगतं की या कायद्याखालचा कोणताही गुन्हा केलेल्या माणसाने नाव-पत्ता द्यायला नकार दिला, तर गणवेशातला पोलीस त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. कोणताही गुन्हा, म्हणजे सिग्नलच्या पट्टीपुढे उभं राहणं सुद्धा. एरवी ज्या गोष्टीसाठी तुम्हाला हातही लावता येत नाही, तिथे ‘मी नाव सांगणार नाही’ हे वाक्य अटकेचं दार उघडतं. सिनेमातून शिकलेला हा हक्क आपल्या रस्त्यावर उलटा लागतो. लायसन्स पुढे केलंत की त्यावर नाव-पत्ता असतोच, म्हणजे काम झालं.

आता त्यापलीकडचे प्रश्न. “किती स्पीडने आलास?” “किती पेग झाले?” “सिग्नल तोडलास ना, कबूल कर.” यांची उत्तरं द्यायला तुम्ही बांधील नाही. “साहेब, कागद सगळे दाखवतो, बाकी मला काही बोलायचं नाही,” असं शांतपणे म्हणता येतं. खोटं मात्र बोलू नका. न बोलणं हा हक्क आहे, खोटी माहिती देणं हा गुन्हा होऊ शकतो. “कुठून आलास?” ला “क्लासहून घरी चाललोय” म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही. प्रत्येक साध्या प्रश्नाला घटना बाहेर काढायची गरज नसते.

हवालदाराने येऊन आधी गाडीची चावीच काढून घेतली. हे चालतं?

नुसत्या कागद-तपासणीसाठी चावी काढून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठेही दिलेला नाही. गाडी जमा करायची असेल तर त्यासाठी कलम २०७ आहे आणि चालकाला अटक केली असेल तर गाडीची व्यवस्था लावण्यासाठी कलम २०२ आहे. त्याशिवाय चालत्या स्कूटरच्या चावीला हात घालणं बेकायदा तर आहेच, पण धोक्याचंही आहे.

पण चावी परत हिसकावू नका. झटापटीत तुमचा हात त्यांच्या छातीला लागला, की चावीचा विषय संपला आणि सरकारी कामात अडथळ्याचा विषय सुरू झाला. “साहेब, चावी द्या, मी कुठे जात नाही, कागद दाखवतो,” एवढं म्हणा. वेळ, जागा, छातीवरच्या पट्टीवरचं नाव आणि बक्कल नंबर लक्षात ठेवा. बक्कल नंबर असला की तक्रार त्याच माणसापर्यंत पोचते. ‘एक जाडसर हवालदार होता’ यावर कुणी चौकशी करत नाही.

लायसन्स ठेवून घेतलं. पुढे काय?

लायसन्स बघायला घेणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं. ठेवून घ्यायला कारण लागतं आणि बदल्यात पोच द्यावीच लागते. कारणं मोजकी आहेत (कलम २०६): कागद बनावट वाटत असेल, किंवा तुम्ही कोर्टाचं समन्स चुकवून पसार व्हाल असं वाटायला जागा असेल, किंवा गुन्हा एका ठरावीक यादीतला असेल. त्या यादीत अतिवेग, धोकादायक पद्धतीने चालवणं, दारू पिऊन चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट आणि ॲम्ब्युलन्ससारख्या गाडीला वाट न देणं हे येतं.

पोच हातात आली की ती वाचा. पसार होण्याच्या शंकेवरून लायसन्स घेतलं असेल तर ती पोच दाखवून लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येते. यादीतल्या गुन्ह्यासाठी घेतलं असेल तर चालवता येत नाही, कारण ते लायसन्स निलंबनासाठी आरटीओकडे जातं. विनाहेल्मेट आणि ट्रिपल सीटला दंडासोबत तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. हे बहुतेकांच्या गावीच नसतं, ‘पाचशे-हजार भरून मोकळे’ असाच समज असतो. मागे बसलेल्यालाही हेल्मेट लागतं. चार वर्षांखालचं मूल आणि पगडी बांधणारे शीख यांना सूट आहे.

गाडी जमा करू शकतात?

लायसन्स नाही, वय बसत नाही, गाडीची नोंदणी नाही, किंवा व्यावसायिक गाडी परमिटशिवाय फिरतेय, अशा वेळी करू शकतात (कलम २०७). इन्शुरन्स किंवा पीयूसी संपणं या कलमाच्या यादीत नाही. त्यांना दंड वेगळा आहे आणि तो कमी नाही: इन्शुरन्स नसेल तर पहिल्या वेळी २००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

गाडी नेणारच असतील तर जाण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा टिपा, डिकीतलं सामान काढून घ्या आणि कोणत्या ठाण्याच्या किंवा यार्डाच्या आवारात नेताहेत ते लिहून घ्या. मालकाने कागद घेऊन अर्ज केला की गाडी सोडवता येते.

दंड तिथल्या तिथे भरावाच लागतो का?

नाही. ई-चलन मशीनवर होतं, मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो आणि रक्कम नंतर ऑनलाइन भरता येते. भरणं म्हणजे तडजोड (कलम २००): तुम्ही दंड भरता, प्रकरण तिथे मिटतं. चूक झालेली नसेल तर भरू नका. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा किंवा कोर्टात आपलं म्हणणं मांडा. चलनाला जोडलेला फोटो आधी उघडून बघा. नंबर प्लेट दुसऱ्याच गाडीची निघते, हेल्मेट डोक्यावर स्पष्ट दिसतं, अशी चलनं फोटोच्या जोरावर रद्द होऊ शकतात. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर सवडीने चलन टाकू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने जुलै २०२५ मध्ये दिली आहे. तसं घडलं असेल तर तक्रारीत लिहा.

रस्त्यावर वाद घालून चलन रद्द झालं असं क्वचितच होतं. मशीनमध्ये एकदा गेलं की त्या हवालदारालाही ते सहज काढता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी अर्धा तास भांडून फक्त मागच्या गाड्यांचा खोळंबा होतो.

‘हजाराचं चलन करू की दोनशेत मिटवू?’ असं विचारलं तर?

“चलन करा साहेब.” एवढंच. पावती किंवा मेसेज नसलेला पैसा दंड नसतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ज्याला लाच द्यायला भाग पाडलं गेलं त्याला सूट आहे, पण सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४.

एक हिशेब बघा. तोडपाणीची भाषा जिथे सगळ्यात जास्त चालते ती म्हणजे ड्रंक अँड ड्राइव्ह, आणि नेमका तोच गुन्हा तडजोडीच्या यादीत नाही. त्याचा दंड पोलीस रस्त्यावर घेऊच शकत नाही, प्रकरण कोर्टातच जातं. त्यामुळे ‘दारूचा दंड इथेच भरून टाक’ असं कुणी म्हणत असेल, तर तो दंड नाही.

तोंडापुढे मशीन धरून फुंकायला सांगितलं. नकार देता येतो?

प्यायलाची वाजवी शंका असेल तर गणवेशातला अधिकारी श्वासाची चाचणी मागू शकतो (कलम २०३). मर्यादा आहे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. नकार दिलात तर त्या नकारावरूनच वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि पुढे कोर्टात तो नकार तुमच्याविरुद्ध वापरला जातो. म्हणजे नकाराने काहीच वाचत नाही.

मागण्यासारखं मात्र बरंच आहे. नळी नवी, पाकिटातली फोडून लावायला सांगा. मशीनवरचा आकडा स्वतः बघा, प्रिंट निघत असेल तर मागा. खोकल्याचं औषध किंवा माउथवॉश आत्ताच घेतला असेल तर चाचणीच्या आधी सांगा आणि काही मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यायची विनंती करा. अटक झालीच तर ठाण्यात पुन्हा श्वासाची चाचणी देण्याची संधी मिळायला हवी. आणि पोलिसांसमोर दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, नाही तर सोडावं लागतं (कलम २०२). म्हणून अटकेची नेमकी वेळ मनगटावर लिहावी लागली तरी लिहा. मुलीचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर सोबत स्त्री हजर असावी लागते.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हक्क सगळे सांगितले, आता माझं मत: प्यायला असाल तर चावी मित्राकडे द्या. या गुन्ह्यातून हक्कांच्या जोरावर सुटायची आशा धरून निघालेला माणूस रस्त्यावर नकोच.

डिकी उघड, बॅग दाखव म्हणतात. दाखवायची?

कागद तपासण्याच्या अधिकारात डिकी आणि बॅगेची झडती येत नाही. झडतीला वेगळा आधार लागतो: अमली पदार्थ, हत्यार, चोरीचा माल, अवैध दारू अशी शंका. निवडणुकीच्या काळात रोख रकमेसाठी पथकं गाड्या तपासतात. “कशासाठी झडती घेताय साहेब?” असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १०५). जप्त केलेल्या वस्तूंची यादी साक्षीदारांच्या सह्यांनी होते, तिची प्रत मागा.

अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची असेल, तर ती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करता येते (एनडीपीएस कायदा, कलम ५०). ही तरतूद अंगझडतीपुरती आहे, गाडीच्या झडतीला लागत नाही. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते.

तोंडाने विरोध नोंदवा, अंगाने आड येऊ नका. “माझी संमती नाही, पण मी अडवत नाही” हे वाक्य कॅमेऱ्यासमोर स्पष्ट आवाजात बोललेलं असलं की पुढे वकिलाला त्याचा उपयोग होतो.

फोनचं लॉक काढून चॅट दाखवायला सांगितलं तर?

नाकाबंदीवर सहज म्हणून फोन चाळण्याचा अधिकार कुणालाही नाही. फोन पुरावा म्हणून हवा असेल तर गुन्ह्याचा तपास असावा लागतो, जप्तीची कागदोपत्री नोंद व्हावी लागते. “साहेब, हा खासगी फोन आहे, नोटीस द्या, मी वकिलाशी बोलून हजर करतो,” असं सांगा. गाडी चालवताना फोनवर बोलल्याचं चलन असेल तर ते फोन न उघडताही होतं. हातातला फोन फक्त रस्ता दाखवणाऱ्या नकाशासाठी, लक्ष विचलित न होता, चालतो. ‘मी मॅपच बघत होतो’ असं सांगणाऱ्याच्या स्क्रीनवर क्रिकेट चालू असतं ही गोष्ट वेगळी.

आपण व्हिडिओ काढू शकतो का?

सार्वजनिक रस्त्यावर ड्युटीवरच्या पोलिसाचं चित्रीकरण करायला सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलं. ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून त्या कायद्याखाली लावलेला गुन्हा तिथे टिकला नाही.

चित्रीकरण करा, पण कॅमेरा कुणाच्या नाकाला लावू नका. अडथळा आणणं (भारतीय न्याय संहिता, कलम २२१) आणि बळाचा वापर करणं (कलम १३२) हे गुन्हे आहेत, आणि दोन हातांचं अंतर ठेवलं तर त्यातला एकही लागत नाही. डॅशकॅम किंवा हँडलवरचा फोन उत्तम, हात मोकळे राहतात. लगेच इन्स्टावर टाकायची घाई करू नका. पूर्ण, न कापलेला व्हिडिओ तक्रारीत कामाला येतो; गाणं लावलेला तुकडा येत नाही.

माझं लर्निंग लायसन्स आहे. मला अडवलं तर काय बघतात?

तीन गोष्टी. पांढऱ्यावर लाल ‘एल’ पुढे आणि मागे लावलेला आहे का. कारमध्ये शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलाय का. आणि बाईकवर शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी मागे बसलंय का. लर्निंगवर मैत्रिणीला डबल सीट घेऊन फिरणं त्यामुळे नियमात बसत नाही. मुदत सहा महिन्यांची असते, ती संपलेली असेल तर लायसन्स नसल्यासारखंच धरतात: ५००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. बिनगिअरची स्कूटर चालते ना?

नाही चालत, आणि हा गैरसमज घराघरात आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. गिअर आहे की नाही याचा प्रश्नच नाही. घरोघरी दिसणारी बिनगिअरची स्कूटर शंभर सीसीच्या वरची असते. २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली बॅटरीची गाडी मोटार वाहनात धरली जात नाही, तिला लायसन्स लागत नाही. पण त्याहून वेगवान इलेक्ट्रिक स्कूटर या सवलतीत येत नाही.

अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीतच नव्हतं किंवा आपण पुरती काळजी घेतली होती हे सिद्ध करायची जबाबदारी पालकावर. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन चालकाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतल्यावर पालकांच्या जबाबदारीची चर्चा सगळीकडे झाली, तरी शाळेबाहेरच्या स्कूटरची रांग काही फारशी घटलेली दिसत नाही.

मुलाचे स्वतःचे हक्क मात्र शाबूत असतात. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं, आईवडिलांना कळवावं लागतं आणि २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. चाइल्डलाइन १०९८.

‘ठाण्यात चल’ म्हणाले. जावं लागतं?

आधी विचारा: “साहेब, मला अटक आहे का, की चौकशीला बोलावताय?” अटक नसेल तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, नोटीस देऊन बोलवावं, असा कायद्याचा कल आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३५), आणि वाहतुकीचे बहुतेक सगळे गुन्हे याच्या कितीतरी खालचे आहेत.

अटक असेल तर कारण सांगणं बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा होतो, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही असते, तुम्हीही वाचून सही करता. तुम्ही सांगाल त्या माणसाला अटकेची आणि ठेवलेल्या जागेची खबर द्यावी लागते. चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येतं. वैद्यकीय तपासणी होते. मार लागला असेल तर तो तिथेच, डॉक्टरला, अंगावरची जागा दाखवून सांगा. २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं. विनालायसन्स किंवा पहिल्यांदा दारू पिऊन चालवणं हे जामीनपात्र गुन्हे आहेत, म्हणजे जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर तुमची सही घेता येत नाही, तसं कायद्यातच आहे. कोऱ्या कागदावर तर कधीच सही करू नका. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मुलगी रात्री एकटी गाडी चालवत असेल तर?

चलन पुरुष पोलीसही करू शकतो. अटक मात्र सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, महिला अधिकाऱ्यामार्फत आणि दंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीनेच. कागद काच थोडी खाली करून देता येतात. महिला पोलिसाची मागणी करा, घरी लोकेशन पाठवा. “एवढ्या रात्री कुठे फिरतेस, घरी माहितीये का?” हा प्रश्न कोणत्याही कलमात नाही, त्याला उत्तर द्यायची गरजही नाही.

शिवीगाळ केली, कानाखाली मारली. तक्रार कुठे?

चलन कितीही खरं असलं तरी हात उचलायचा अधिकार त्यातून येत नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करा, मग पोलीस आयुक्त किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण हाही मार्ग आहे. तक्रारीत आधी वेळ, जागा, बक्कल नंबर, घडलं तसं, संताप नंतर.

पोलीसच विनाहेल्मेट फिरतात, त्यांना कोण विचारणार?

कायदा विचारतो. कलम २१०ब: कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट. फोटो काढून तक्रार करता येते. पण स्वतःचं चलन होत असताना हा मुद्दा काढून काही उपयोग नाही, तुमचा दंड त्याने कमी होत नाही.

चलनाचा मेसेज आलाय, सोबत ॲपची फाइल आहे. उघडू?

मुळीच नाही. व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ फाइल पाठवून ‘तुमचं चलन थकलंय’ म्हणणारे चोर आहेत. ती फाइल इन्स्टॉल केली की ओटीपी त्यांच्याकडे जातात आणि खातं रिकामं होतं. चलन खरं आहे का हे बघायचं तर सरकारी ई-चलन संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि गाडीचा नंबर टाका. चुकून फाइल उघडली असेल तर मोबाइलचं नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.